मोटारीच्या दर्शनी जाळीचा जीर्णोद्धार

मनुष्य भेटला असतां आपली दृष्टि जशी प्रथम त्याच्या मुखाकडे जाते, तशीच समोरून येणारी मोटार पाहतांना ती प्रथम तिच्या दर्शनी जाळीकडे जाते. त्यांतून मोटार उंची असली तर विचारूंच नये. तिच्यावरील अक्षरें वाचण्यापूर्वींच ती कोणत्या घराण्याची हें रस्त्यांतलें पोर जाळीवरून सांगतें. परंतु समोरून धक्का बसला म्हणजे पहिला आघात सोसावा लागतो तोहि या मुखासच. अशी मोडलेली जाळी पुनः पूर्वस्थितीस कशी आणितात, हें गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत एका जुन्या कारागिराच्या गॅरेजांत आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. तेथें जें पाहिलें व त्या निमित्तानें जें समजून घेतलें, तें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

प्रथम ही जाळी आली कोठून तें पाहूं. इंजिन तापतें म्हणून त्यास पाण्यानें निववावें लागतें, आणि तापलेल्या त्या पाण्यास वाऱ्यानें निववावें लागतें. हें दुसरें काम रेडिएटराचें. १९०० सालच्या अखेरीस विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें पहिल्या मर्सिडीज मोटारीसाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत ८,००० हून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्या काळीं रेडिएटर उघडाच पुढें असे, व तोच मोटारीचें मुख असे. पुढें तो आंत सरला आणि त्याच्यासमोर जाळी आली. तेव्हां रेडिएटराचें दगडधोंड्यांपासून रक्षण करणें आणि वाऱ्यास वाट देणें, हीं जाळीचीं पहिलीं दोन कामें होत. शोभेचा क्रम तिसरा, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आम्ही पाहिलेली मोटार रोल्स-रॉइस कंपनीची ‘सिल्व्हर शॅडो’ होती. हा नमुना १९६५ पासून १९८० पर्यंत इंग्लंडांत तयार होत असे. मालक ती लग्नाच्या वरातींसाठीं भाड्यानें देत. अरुंद गल्लींत मागें येणाऱ्या एका मालगाड्याची कड तिला लागली व जाळीचा एक बाजूचा भाग आंत दबला. तीन उभ्या पट्ट्या वांकल्या आणि दोहोंच्या झाळा सुटल्या. लग्नसराई ऐन भरांत. मालक म्हणाले, “मिस्त्री, ठोकून सरळ करा, जरा चकाकी आणा आणि परवां गाडी सोडा.” मिस्त्री नम्रपणें उत्तरले, “शेटजी, आधीं मागें काय झालें आहे तें पाहूं द्या. मग दिवस सांगतों.”

त्यांनीं हातोडा उचललाच नाहीं. जाळी सोडवून खालीं कांबळ्यावर ठेविली, सुटलेली प्रत्येक पट्टी व प्रत्येक स्क्रू खडूनें क्रमांक घातलेल्या डब्यांत टाकिला, आणि मग दिवा घेऊन रेडिएटर तपासला. वांकलेल्या एका पट्टीचें टोंक त्याच्या पोळ्यास जाऊन टेकलें होतें, आणि तेथें ओलावा दिसत होता. पाणी थेंबथेंब झिरपत होतें. केवळ मुख उजळून मोटार सोडली असती, तर वरातीच्या संथ चालींत, उन्हाच्या वेळीं, इंजिन तापून ती भर रस्त्यांत बंद पडली असती. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम हा, कीं जाळीकडे पाहण्यापूर्वीं जाळीच्या मागें पाहावें.

दुसरा प्रश्न धातूचा. जाळ्या दिसावयास सारख्या चकाकत असल्या तरी त्यांचें अंग निरनिराळें असतें. रोल्स-रॉइसच्या प्रारंभींच्या मोटारींची जाळी जर्मन सिल्व्हरची असे. नांवांत रुपें असलें तरी त्यांत गुंजभरहि रुपें नसतें, तांबें, निकेल व जस्त यांचें तें मिश्रण होय. पुढें तिची जागा स्टेनलेस पोलादानें घेतली. अनेक अमेरिकन मोटारींच्या जाळ्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असून त्यांवर क्रोमियमचा मुलामा असे. साध्या पोलादावर लोहचुंबक घट्ट चिकटतो. जस्त त्यास मुळींच दाद देत नाहीं, आणि जाळीच्या जातीचें स्टेनलेसहि बहुधा देत नाहीं. जस्ताचा तुटका भाग करडा व रवाळ दिसतो. ही परीक्षा न करितां ज्योत लावणें म्हणजे अनर्थ ओढवून घेणें होय. पितळ वितळावयास सुमारें ९०० अंश उष्णता लागते. जस्त ४०० अंशांच्या आगेमागेंच पाणी होतें, तेंहि आधीं लाल होऊन इशारा न देतां. पाहतां पाहतां जाळीचा गोळा हातांत येतो.

आमच्यासमोरील जाळी स्टेनलेसची होती. येथें मिस्त्रींनीं आम्हांस एक गंमत दाखविली. त्यांनीं जाळीच्या धड कडेवर पोलादी पट्टी धरिली, तों मध्यें ती किंचित् टेकली व दोन्ही टोंकांशीं बारीक फट राहिली. आम्हीं म्हटलें, हीहि बाजू वांकलेली दिसते. ते हंसले. ही कड मुद्दामच अशी घडविलेली असते. अगदीं सपाट पृष्ठभाग लांबून पाहिला असतां मध्यें खोलगट भासतो. म्हणून त्यास अत्यल्प फुगवटा देतात, म्हणजे तो सपाट दिसतो. अथेन्स येथील पार्थेनॉन मंदिराचे खांब इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत असेच घडविले गेले. जो अडाणी दुरुस्त करणारा पट्टी लावून सर्व सरळ करील, तो नीट असलेली बाजूहि बिघडवील.

पोचा काढण्याचें काम संथपणें चाललें. मागच्या बाजूनें नायलॉनची मोगरी, पुढें गुळगुळीत ऐरणीचा ठोकळा, आणि घाव हलके. पोच्याच्या कडेपासून आरंभ करून मध्याकडे सरकणारे. स्टेनलेस पत्रा ठोकतां ठोकतां कठीण होत जातो, आणि अधिक ठोकल्यास ताणून पसरतो. एकदां पसरला म्हणजे दाबल्यावर डब्याच्या झांकणासारखा ‘टक्’ वाजतो व पूर्वस्थितीस येणें दुरापास्त होतें. त्यानंतर सुटलेल्या पट्ट्या झाळावयाच्या. कथील-शिशाची झाळ २०० अंशांच्या आसपास वितळते. यामुळें नवी झाळ देतांना शेजारची जुनी सुटण्याचें भय असतें. म्हणून शेजारच्या प्रत्येक सांध्यावर ओलीं फडकीं गुंडाळलीं होतीं. स्टेनलेसवर नुसत्या राळेनें झाळ धरत नाहीं. तीव्र आम्लाचें फ्लक्स लागतें, आणि तें मागाहून पाण्यानें पूर्णपणें धुवावें लागतें, न धुतल्यास तेंच सांधा खातें. शेवटीं ४०० क्रमांकापासून १,२०० पर्यंत वॉटर पेपर, प्रत्येक खेपेस आधीच्या ओरखड्यांना आडवा घांसून, आणि मग कापडी बफ. स्टेनलेसची चकाकी ही त्याची स्वतःची. तीवर मुलामा लागत नाहीं.

मुलाम्याच्या जाळीची गोष्ट वेगळी. क्रोमियमचा मुलामा १९२० नंतरच्या दशकांत मोटारींवर येऊं लागला. त्याचा थर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनहि पातळ असतो. गंजापासून रक्षण करितो तो त्याच्या खालचा, कित्येक पटींनीं जाड असलेला निकेलचा थर. आणि खळगे भरून काढतें तें त्याच्याहि खालचें तांबें. क्रोमियम दोष झांकीत नाहीं, उलट उघडा करितें. म्हणून जुना मुलामा उतरविणें, खड्डे साफ करून भरणें, तांबें चढविणें व घोटणें, यांतच बहुतेक श्रम जातात. क्रोमियमच्या टांकींत जाळी कांहीं मिनिटेंच असते.

या टांकीविषयीं मिस्त्रींनीं सांगितलेली गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. तिच्यांतील क्रोमिक आम्लाच्या वाफेनें कामगारांच्या त्वचेस व्रण पडतात, नाकाच्या आंतल्या पडद्यास भोंक पडतें, आणि या जातीच्या क्रोमियमनें फुप्फुसाचा कर्करोग होतो हें शास्त्रानें सिद्ध केलें आहे. त्यामुळें कमी घातक क्रोमियमचीं टांकीं आतां अनेक ठिकाणीं वापरांत आलीं आहेत. ते म्हणाले, “जुना मुलामा धड असेल तर तो मी काढीत नाहीं. आपल्या हौसेसाठीं दुसऱ्याचें नाक कां जाळावें?”

आजच्या बहुतेक मोटारींच्या जाळ्या एबीएस नामक प्लास्टिकच्या असतात व त्यांवरहि मुलामा असतो. बारीक चीर त्याच जातीच्या डिंकानें मागून जोडतां येते. परंतु अनेक उंची मोटारींत समोरच्या वाहनाचें अंतर मोजणारें रडार या जाळीच्या किंवा चिन्हाच्या मागें बसविलेलें असतें. त्याच्यापुढील आवरणावर धातूचे कण असलेला रंग दिल्यास लहरी अडतात, आणि आपोआप लागावयाचा ब्रेक ऐन वेळीं लागत नाहीं. तेथें हौशी हातांनीं कांहीं करूं नये हेंच उत्तम.

सिल्व्हर शॅडोस बारा दिवस लागले. पहिल्या वरातीस मालकांना दुसऱ्याची मोटार भाड्यानें आणून द्यावी लागली, व त्यांत त्यांस पदरचे पैसे घालावे लागले. मोटार न्यावयास आले तेव्हां त्यांनीं जाळीवरून हात फिरविला, आणि खालच्या कोंपऱ्याशीं त्यांचें बोट थांबलें. तेथें तांदुळाच्या दाण्याएवढा खळगा शिल्लक होता.

“हा राहिला, मिस्त्री?”

“राहिला नाहीं, शेटजी, ठेविला आहे. तो काढावयास गेलों तर पत्रा ताणेल, आणि मग सगळी कड जाईल. रेडिएटर मात्र आतां कोरडा आहे.”

मालकांनीं क्षणभर विचार केला. मग वांकून, जाळीच्या पट्ट्यांमधून, त्यांनीं प्रथमच आंतल्या रेडिएटराकडे पाहिलें.