नांवाला जपणारा गांव

मद्याचें नांव निघतांच आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी हें योग्यच आहे. व्यसनापायीं धुळीस मिळालेलीं घराणीं ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं, त्यांना या वस्तूची थोरवी सांगण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. परंतु एखाद्या वस्तूचें सेवन करणें निराळें, आणि ती जेथें निपजते तेथील माणसांचे श्रम, शहाणपण व सचोटी समजून घेणें निराळें. फ्रान्स देशांतील एका खेड्यानें आपल्या तांबड्या द्राक्षमद्याच्या निमित्तानें जो धडा घालून दिला, त्याचा संबंध आपल्या कोंकणांतील आंब्याच्या पेटीपर्यंत येऊन पोंचतो. म्हणून त्या खेड्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

गांवाचें नांव शातोनफ-द्यु-पाप. म्हणजे पोपांचा नवा किल्ला. ऱ्होन नदीच्या डाव्या तीरीं, आव्हिन्यों व ओरांज या दोन जुन्या शहरांच्या दरम्यान, एका टेकडीच्या उतारावर तो वसला आहे. इ. स. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपांची गादी बहुधा आव्हिन्यों येथेंच होती. त्यांपैकीं बाविसावे जॉन यांनीं या टेकडीवर किल्ला बांधविला. पुढें धर्मकलहांत त्याची नासधूस झाली, आणि १९४४ सालीं माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें उरल्यासुरल्या बुरुजाचा मोठा भाग सुरुंगानें उडविला. आतां पडकी भिंत तेवढी उभी आहे. गांवाचें आजचें नांवही सरकारी दप्तरीं १८९३ त चढलें. त्यापूर्वीं तेथील चुन्याच्या भट्ट्यांवरून त्याला 'शातोनफ-काल्सेर्निए' म्हणत.

दगडांतले मळे

नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागाईतदार येथील जमीन प्रथमच पाहील तर चकित होईल. पुष्कळ मळ्यांत माती म्हणून दिसतच नाहीं. नदीनें पुरातन काळीं वाहून आणलेल्या गुळगुळीत गोट्यांचा थर सर्वत्र पसरलेला. परंतु हेच गोटे दिवसा ऊन पिऊन घेतात व रात्रीं ती ऊब वेलींना परत देतात. शिवाय खालच्या तांबड्या चिकणमातींतील ओल उडूं देत नाहींत. उत्तरेकडून 'मिस्त्राल' नांवाचा कोरडा, सोसाट्याचा वारा सुटतो. तो माणसाला नकोसा वाटला तरी द्राक्षांवर बुरशी धरूं देत नाहीं. ग्रनाश ही येथील मुख्य जात. तिच्या वेलींना मांडव नसतो. जुन्या पद्धतीनें छाटून त्यांचीं बुटकीं झुडपें करतात, म्हणजे वाऱ्याला त्या दाद देत नाहींत.

तांबड्या मद्याचा रंग रसांत नसून सालींत असतो. म्हणून चुरलेलीं द्राक्षें सालींसह मोठ्या टाक्यांत आंबत ठेवतात. रसांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर झालें, कीं चोथा पिळून रस निराळा करतात व तो मुरत ठेवतात. धायटीचीं फुलें घालून आपले वैद्य द्राक्षासव करतात, त्यांतही आंबण्याची हीच क्रिया घडते. फरक हेतूचा व मात्रेचा.

संकट बाहेरचें आणि घरचें

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या मुलखावर मोठें अरिष्ट कोसळलें. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नांवाची सूक्ष्म कीड आली. ती मुळांतील रस शोषून घेई; हिरवेगार मळे वाळून जात, पण कारण कोणाला उमगेना. १८६८ त माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऱ्होनच्याच खोऱ्यांत ही कीड शोधून काढली. उपायही अमेरिकेनेंच दिला. तेथील काटक वेलीच्या मुळावर देशी वेलीचें कलम बांधावयाचें, आणि मळे पुन्हां लावावयाचे.

किडीवर तोड निघाली. लबाडीवर निघणें अधिक कठीण होतें. शातोनफचें मद्य कडक असल्यामुळें बर्गंडीकडील व्यापारी तें पिंपेंच्या पिंपें नेत व आपल्या फिक्या मालांत मिसळीत. पुढें या गांवाचें नांव बाजारांत वाढलें, तेव्हां उलट प्रकार सुरू झाला. कोठलेंही मद्य बाटलींत भरून त्यावर शातोनफची चिठ्ठी लागूं लागली. खऱ्या कष्टकऱ्याला भाव मिळेना, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडूं लागला.

तेव्हां १९२३ च्या सुमारास गांवकरी बॅरन पियेर ल र्‍वा यांच्याकडे गेले. हे गृहस्थ कायद्याचें शिक्षण घेतलेले, पहिल्या महायुद्धांत विमान चालविलेले, व गांवांतील फोर्तिया या मळ्याच्या घराण्याचे जांवई. "प्रथम तुम्हीं स्वतः सचोटीनें वागण्याचें कबूल करा, मग मी पुढें होतों," अशा आशयाची अट त्यांनीं घातली असें सांगतात. परक्याला चोर म्हणण्यापूर्वीं आपले हात स्वच्छ करावयास सांगणारा हा पुढारी गांवकऱ्यांनीं मानला, यांतच त्यांचें शहाणपण दिसून येतें.

नियम ठरले ते त्यांच्यावरच बंधन घालणारे. ज्या रुक्ष जमिनींत लव्हेंडर व थाइम हीं सुगंधी झुडपें उगवतात तेवढीच जमीन पात्र; द्राक्षांच्या जाती ठरलेल्या; छाटणीची रीत ठरलेली; नासकीं व कच्चीं द्राक्षें वेंचून टाकलींच पाहिजेत; वरून साखर न घालतां मद्यार्काचें प्रमाण शेंकडा साडेबारा भरलें पाहिजे. कोर्टकचेऱ्या होऊन १९३३ त निकाल गांवाच्या बाजूनें लागला. १९३५ त फ्रेंच सरकारनें साऱ्या देशासाठीं असाच कायदा केला, आणि १५ मे १९३६ रोजीं त्याखालीं ज्यांना प्रथम मान्यता मिळाली त्यांत शातोनफ होतें. आजही येथें द्राक्षें हातानेंच खुडावीं लागतात, आणि हेक्टरीं उत्पन्नाची मूळ मर्यादा अवघी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे साडेतीन हजार लिटर, आहे.

या गांवाला विनोदाचेंही वावडें नाहीं. १९५४ त उडत्या तबकड्यांच्या बातम्यांनीं युरोप गजबजला, तेव्हां येथील नगराध्यक्ष ल्युसियें जन यांनीं गांवाच्या हद्दींत तबकड्यांना उतरण्याची मनाई करणारा हुकूम काढला! जाहिरात फुकटांत झाली.

आपल्यापुरता विचार

स्थानाच्या नांवाला कायद्याचें संरक्षण देण्याची ही कल्पना पुढें जगभर पसरली. भारतानें १९९९ त भौगोलिक उपदर्शनाचा कायदा केला, आणि २०१८ त कोंकणच्या हापूसला त्याखालीं मान्यता मिळाली. तरी दुसऱ्या प्रांतांतला आंबा देवगडच्या नांवें विकला जातो, ही तक्रार दर उन्हाळ्यांत ऐकूं येतेच. कायदा झाला म्हणजे काम झालें असें नव्हे. शातोनफमध्यें कायदा मागाहून आला. आपल्याच मळ्यांतला हलका माल बाजूला काढण्याची तयारी गांवानें आधीं दाखविली होती.

आमच्या गृहिणींनाही यांत वांटा आहे. पेटी घेतांना केवळ भाव न विचारतां ती कोणत्या बागेंतली, हें विचारावें, आणि खऱ्या मालाला दोन पैसे अधिक द्यावयास कां-कूं करूं नये. प्रामाणिक बागाईतदाराला खरा आधार मिळतो तो अशा गिऱ्हाइकाकडूनच. फ्रान्समधील त्या खेड्याचें मद्य आपल्या घरांत न आलें तरी चालेल. त्याची ही शिस्त मात्र अवश्य यावी.