टेम्पोच्या हौद्यातील मोटारसायकल

एप्रिल-मे महिन्यांत बदल्यांचे आदेश निघाले की जिल्ह्याजिल्ह्यांच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसू लागते. टेम्पोच्या हौद्यात कपाट, पलंग, पाण्याचे पिंप, भांड्यांची पोती आणि या सर्वांच्या आधाराने उभी केलेली मोटारसायकल. तिला सुतळीचे चार वेढे दिलेले असतात आणि हँडल धरून शेजारी एखादा तरुण मुलगा बसलेला असतो. ही गोष्ट केवळ बदलीच्या सामानाची नव्हे. बिघडलेली गाडी तालुक्याच्या मिस्त्रीकडे न्यायची असो वा जुनी गाडी विकत घेऊन गावी आणायची असो, दुचाकीला अनेकदा चारचाकीतून प्रवास करावा लागतो. २००५ साली पुण्यात तयार झालेला आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नामकरण केलेला लहान टेम्पो खेडोपाडी पोहोचल्यापासून तर ही सोय दाराशी आली आहे. गाडी बांधावी कशी, याकडे मात्र त्या मानाने लक्ष दिले जात नाही.

प्रथम त्या मुलाविषयी. शंभर सी. सी.ची साधी मोटारसायकल सुमारे ११५ किलो वजनाची असते; बुलेट असेल तर १९० किलोंच्या आसपास. वाहनातील मालाचे बंधन किती पक्के असावे याचा एक सोपा ठोकताळा ब्रिटनमधील शासकीय मार्गदर्शिकेत दिलेला आहे. पुढील दिशेने मालाच्या संपूर्ण वजनाइतका आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर त्या बंधनाने सहन केला पाहिजे. म्हणजे अचानक ब्रेक लागला तर ११५ किलोंचा आणि वळणावर ५७ किलोंचा जोर रोखण्याची तयारी हवी. त्या क्षणी मुलगा स्वतःही पुढे फेकला जात असतो. तो गाडी धरत नाही, गाडीच्या आणि केबिनच्या मध्ये सापडतो. दोराचे काम माणसाकडून करून घेण्याची ही पद्धत ताबडतोब बंद झाली पाहिजे, आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे अशा शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ते सांगितले तर ते ऐकले जाईल.

स्टँडवर उभी केलेली गाडी

दुसरा सार्वत्रिक समज असा की, गाडी मधल्या स्टँडवर उभी केली म्हणजे ती भक्कम झाली. वस्तुस्थिती उलट आहे. स्टँडवर गाडीचा बराचसा भार दोन लहान लोखंडी पायांवर येतो. ते पाय पत्र्यावर घसरतात आणि खड्ड्यात आदळताच गाडी उसळून स्टँडवरून उतरते. मग घट्ट वाटणारा दोर क्षणात सैल पडतो. फोंडा किंवा आंबोली घाट उतरताना हे घडले तर गाडी हौद्याच्या फाळक्यावरून रस्त्यावर, कदाचित मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या पुढ्यात पडेल.

यास्तव गाडी तिच्या दोन चाकांवरच उभी ठेवावी आणि दोन्ही स्टँड वर घ्यावेत. पुढचे चाक केबिनकडील फाळक्याला सरळ टेकवावे, ते वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे द्यावेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. पुढचे दोन दोर हँडलच्या टोकांना बांधू नयेत, कारण तेथे ते घसरतात आणि हँडल वाकते. हँडलच्या खाली, पुढच्या काट्याच्या दोन नळ्या जेथे एकत्र जोडलेल्या असतात तेथे ते अडकवावेत आणि पुढे, खाली व बाहेर अशा तिरक्या दिशेने हौद्याच्या कड्यांना ताणावेत. पुढची स्प्रिंग सुमारे निम्मी दबेल इतका ताण पुरे. दबलेली स्प्रिंग दोराला सतत ताणून धरते. सगळी मेख येथे आहे. अति दाबले तर काट्यातील तेल गळू लागण्याचा संभव असतो. मागचे दोन दोर कॅरिअरच्या नाजूक नळीला न बांधता सांगाड्याच्या मजबूत भागातून दोन्ही बाजूंना न्यावेत, म्हणजे मागचे चाक उड्या मारीत सरकणार नाही.

दोर कोणता, हाही प्रश्न आहे. सुतळी तुटते, जुन्या ट्यूबचे रबर ताणले जाते, नायलॉनचा दोर भाराखाली लांबतो आणि तापलेल्या सायलेन्सरला लागला तर वितळतो. पॉलिएस्टरचा खटक्याचा पट्टा, ज्याला चालक ‘रॅचेट बेल्ट’ म्हणतात, तो कमी लांबतो आणि हवा तेवढा आवळता येतो. असे चार पट्टे हवेत. पत्र्याच्या धारेवरून पट्टा जात असल्यास खाली गोणपाटाची घडी द्यावी. क्लचची तार आणि ब्रेकची नळी त्यात आवळली गेलेली नाही, हेही पाहावे.

मोटारसायकल साधारण दोन मीटर लांब आणि लहान टेम्पोचा हौदा सुमारे सव्वादोन मीटर. म्हणून फाळका जेमतेम लागतो. कपाटासाठी जागा हवी म्हणून तो उघडा ठेवण्याचा मोह टाळावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार माल अनुज्ञेय मर्यादेपलीकडे वाहनाबाहेर आल्यास २० हजार रुपये दंड आणि माल उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे.

चढविताना व उतरविताना इंजिन बंद असावे. टेम्पोची मागील बाजू बांधाला वा रस्त्याच्या उंच कडेला लावली तर फळीचा चढ कमी होतो. फळीचे वरचे टोक हौद्याला बांधून टाकावे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा कॉक बंद करावा. रेल्वेने गाडी पाठविताना टाकी रिकामी करावी लागते. टेम्पोतही पेट्रोल कमी असलेले बरे. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण पहिल्या धक्क्यांनी गाडी बसते आणि ताण उतरतो. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र पुढचा पट्टा एकदम सोडू नये. दबलेली स्प्रिंग उसळी मारते, तेव्हा एकाने गाडी दोन्ही हातांनी धरावी आणि दुसऱ्याने खटका हळूहळू सैल करावा.