वळवाचं आभाळ वाचताना

मे महिन्यात सकाळपासूनच अंगाची चिकचिक सुरू झाली की घरातली मोठी माणसं म्हणतात, आज वळीव येणार. हा अंदाज बरेचदा खरा ठरतो. घाम वाळत नाही, म्हणजे हवेत बाष्प भरपूर आहे, आणि वळवाचं भांडवल तेच. नुसत्या उन्हानं पाऊस पडत असता, तर जळगावकरांना मे महिनाभर छत्री लागली असती!

तापलेली हवा वर चढते, तिथल्या कमी दाबात फुगते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी गार होते. ज्या उंचीवर बाष्पाचे थेंब होऊ लागतात, तिथे ढगाचा सपाट तळ दिसतो. हवा जितकी दमट, तितका तो तळ खाली. थेंब होताना एक ग्रॅम बाष्पामागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता सुटते. तिच्या जोरावर हवा आणखी वर उसळते.

म्हणून दुपारी ढगाचा काळेपणा पाहू नये. तो सूर्य कुठे आहे यावरही ठरतो. पाहावी ती वाढ. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे फुटत ढग रुंदीपेक्षा उंचीला वाढत असेल, तर लक्षण खरं. फुगवट्यांच्या कडा रेखीव आहेत तोवर वर मुख्यतः पाण्याचे थेंब असतात. कडा पिंजल्यासारख्या झाल्या की तिथे बर्फ तयार झालेला असतो. मग माथा चपटा होऊन पसरतो. हा ढग आता १२ ते १५ किलोमीटर उंच असू शकतो आणि त्यात विजा, कधी गाराही असतात.

त्याच्या पोटातून पडणाऱ्या सरी खालच्या कोरड्या हवेत काही प्रमाणात वाळतात. त्यानं हवा गार आणि जड होऊन खाली आदळते, जमिनीवर चहूकडे पसरते. उकाड्यात अचानक दिशा बदलून आलेला गार, धुळीचा वारा तो हाच. वाळत घातलेल्या कुरडया आत घ्यायला आता काही मिनिटंच उरलेली असतात. कधी नुसती धूळच येते, पाऊस शेजारच्या गावाला जातो.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनानं भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळतं. पण उत्तर आठ आलं म्हणून निर्धास्त राहू नये. पावसापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला की झाड सोडून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं.