जलसंजीवनीच्या नावाखाली साखरेचे पाणी!

२०२४ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. एका वस्तीत कायदेविषयक मार्गदर्शनासाठी आम्ही गेलो होतो. दीड वर्षाच्या लेकराला मांडीवर घेऊन एक भगिनी बसली होती. दोन दिवसांपासून जुलाब, डोळे खोल गेलेले. "काय पाजलं?" असे विचारताच तिने पिशवीतून मेडिकलमधून आणलेला रंगीत डबा काढला. "वकीलसाहेब, मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलंय की! कालपासून हेच पाजते." त्याच डब्यावर बारीक इंग्रजीत छापले होते, की हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नव्हे. लेकराला तातडीने सरकारी रुग्णालयात नेले, सलाईन लावावे लागले. लेकरू वाचले. पण त्या माऊलीची चूक काय होती? तिने मोठी अक्षरे वाचली, एवढीच!

खरे ओआरएस म्हणजे जलसंजीवनी ही गोरगरिबांसाठी झालेली मोठी वैज्ञानिक क्रांती आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

यामागे चमत्कार नाही, विज्ञान आहे. आतड्यातून मीठ व ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शरीरात शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. परंतु प्रमाण अचूक लागते. २००२ च्या सुधारित सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम व मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. बाजारातील गोड पेयांत साखरेचे प्रमाण अनेकदा लिटरला १०० ग्रॅमच्या घरात असते. एवढी साखर पोटात गेली, की शरीरातले पाणी उलट आतड्यात ओढले जाते. जुलाब थांबण्याऐवजी वाढतात.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या फसवणुकीविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढल्या. एप्रिल २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली. खेदाची बाब अशी, की त्याच वर्षी जुलैत खुलाशाची एक ओळ छापण्याच्या अटीवर परवानगी देऊन टाकली! अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती परवानगी मागे घेण्यात आली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. एकीला तात्पुरता दिलासाही मिळाला. मात्र ऑक्टोबरअखेर न्यायालयाने बंदीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एका डॉक्टर महिलेच्या चिकाटीपुढे भांडवलदारांना नमावे लागले.

म्हणून आपण निर्धास्त व्हायचे का? मुळीच नाही. नाव बदलले तरी साखर तीच राहते. 'एनर्जी', 'स्पोर्ट्स' अशा नावांनी तीच साखर आपल्या मुलांच्या हातात येत आहे. स्पोर्ट्स ड्रिंक हा प्रकार १९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात, भर उन्हात तासन्‌तास घाम गाळणाऱ्या फुटबॉल खेळाडूंसाठी तयार झाला. गल्लीत अर्धा तास क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला त्याची काय गरज? त्याला साधे पाणी पुरते. अशा अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसालाही दिवसाला सुमारे ५० ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगते आणि २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम मानते. रोजच्या गोड पेयांतून दात किडतात, वजन वाढते, मधुमेहाचा धोका वाढतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हातावर पोट असणाऱ्याच्या घरात हा आजार शिरला, की अर्धी मजुरी औषधात जाते.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषणमान उंचावणे व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ५२ खाली चुकीच्या लेबलसाठी ३ लाखांपर्यंत, तर कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे. परंतु तक्रारच झाली नाही, तर कायदा कपाटात पडून राहतो.

आम्ही स्वतःला दोष देऊनच हे लिहीत आहोत. कायद्याची पदवी घेतलेल्या आमच्या घरातही असाच डबा आणला गेला होता आणि मागची बाजू आम्ही वाचली नव्हती. तेव्हा बांधवांनो, भगिनींनो, यापुढे मागची बाजू आधी वाचा. जलसंजीवनीची पुडी आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. लेकरू मलूल झाले तर मात्र घरी थांबू नका, रुग्णालय गाठा. दुकानात अजूनही ओआरएस नावाचे गोड पेय दिसले, तर बिल घ्या, छायाचित्र काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भर उन्हात रंगीत बाटल्या वाटण्यापेक्षा थंड पाण्याचे रांजण आणि ताक ठेवा.

शिकलेल्या समाजाला बारीक अक्षरात फसवता येत नाही, हे आपण दाखवून दिले पाहिजे.