स्वस्त मुलखाचा शोध



"पुरे झाली ही धावपळ! कुठं तरी लहानशा गावी जाऊन शांतपणे राहावं," असे उद्गार शहरातल्या माणसांच्या तोंडून आपण नेहमी ऐकतो. काही जण तर थेट परदेशी, एखाद्या स्वस्त मुलखात बिऱ्हाड हलवतात. आज आपण या स्वस्ताईचा थोडा विचार करू. कारण ही गोष्ट आता आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचली आहे.

एखादा मुलूख स्वस्त का वाटतो? समजा, अमेरिकेतल्या एका गृहस्थाला तिकडच्या मानाने बेताची पेन्शन मिळते. तिथे घरभाडे आणि औषधपाणी यांतच ती संपते. तोच गृहस्थ पोर्तुगालला किंवा थायलंडला गेला, तर तेवढ्याच पैशात ऐसपैस राहतो. कमाई महाग मुलखातली आणि खर्च स्वस्त मुलखातला, एवढेच यातले गुपित. तिथेच राबून तिथलीच मजुरी घेणाऱ्याला मात्र तो मुलूख मुळीच स्वस्त नसतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

आता अशी माणसे एक-दोन आली तर गावाला आनंदच होतो. पण ती थव्याने आली म्हणजे घरांना मागणी वाढते आणि भाव चढतात. पोर्तुगालात तसेच झाले. २०२३ साली लिस्बन शहरात, घरे परवडत नाहीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. घर विकत घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देण्याची सवलत त्याच वर्षी तिथल्या सरकारने बंद केली. थायलंडची रीत निराळी. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाने तिथल्या बँकेत आठ लाख बाट ठेवले, तर इतर अटी पाळून त्याला वर्षभर राहता येते, पुढे मुदतही वाढवून मिळते. जमीन मात्र त्याला सहसा स्वतःच्या नावावर करता येत नाही. पाहुण्याला ओसरी दिली, पण घराचा उतारा दिला नाही!

आता आपल्या मुळशी तालुक्याकडे वळू. पिरंगुट-उरवड्यावरून मुठा गावाकडे जाताना भाताची खाचरे लागतात, पुढे टेमघरचे धरण लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला शांत आणि स्वस्त जागा शोधायला परदेशी जायचे कारण नाही. त्याचा तो मुलूख हाच. शहरातल्या एका खोलीच्या पैशात इथे मोकळी जागा मिळेल, असा त्याचा हिशेब असतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण आपला हिशेब कोण करणार?

कायद्याने आपल्याला एक कुंपण घालून दिले आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घ्यायची तर सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण शहरात राहणाऱ्या पुष्कळांच्या नावे कुठे ना कुठे सातबारा असतोच. म्हणजे नुसत्या कायद्यावर विसंबून भागणार नाही.

याच तालुक्यात, शेजारच्या मुळा खोऱ्यात, १९२१ साली विजेच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला. तेव्हा जमीन सक्तीने जात होती, म्हणून माणसे एकवटली. आज ती राजीखुशीने, गुंठ्या-गुंठ्याने जाते; त्यामुळे कुणाला हाक मारावीशी वाटत नाही. आणि कालचा मालक त्याच जागेवर राखणदार म्हणून उभा राहिला, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

येणारी माणसे वाईट, असे मी म्हणत नाही. त्यांच्यामुळे गवंड्याला काम मिळते, दूध-भाजीला गिऱ्हाईक मिळते. घरातले आजारपण, मुलांचे शिक्षण, यांपायी जमीन विकणेही कधी टळत नाही. मात्र विकण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. उरलेल्या शेताला जायची वाट आणि पाणी कागदावर राहिले आहे ना? सगळ्या वारसांची संमती आहे ना? आणि विकण्याऐवजी ठरावीक मुदतीच्या नोंदणीकृत कराराने जागा देता येईल का, हे जाणत्या वकिलाला विचारले का?

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. वर्गात एक गणित घाला. एका गुंठ्याचे गावात चाललेले मोल किती? ते पैसे घरखर्चाला किती वर्षे पुरतील? तेच पैसे बँकेत ठेवले तर व्याज किती? आणि तो गुंठा राखला तर वर्षाला भात किती, शिवाय दहा वर्षांनी त्याचे मोल काय असेल? उत्तर प्रत्येक घरचे वेगळे येईल. जे येईल ते मुलांनी संध्याकाळी घरी वाचून दाखवावे. सही-अंगठ्याच्या आधी ते वाचले गेले, म्हणजे झाले.