ताप उतरतो, धास्ती राहते

दोन वर्षांचं मूल तापाने फणफणलेलं असतं. अचानक डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय आचके देऊ लागतात. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी दातांत चमचा घालायला धावतं. मूल हातचं गेलं, असंच त्या आईला वाटतं. बहुतेक वेळा मात्र ही आकडी काही मिनिटांत आपोआप थांबते.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात १०० पैकी साधारण २ ते ५ मुलांना तापात आकडी येते. बऱ्याचदा ती घराण्यात असते. सर्वांगाला आलेली, १५ मिनिटांच्या आत थांबलेली, २४ तासांत पुन्हा न आलेली आकडी साधी मानतात. तिने बुद्धी मंदावत नाही. अमेरिकेत करिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी तापात आकडी आलेल्या सुमारे १७०० मुलांची सातव्या वर्षापर्यंतची वाटचाल तपासली. १९७६ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की यातल्या फारच थोड्यांना पुढे अपस्मार होतो.

घरात मात्र वेगळीच चौकशी सुरू होते. ‘औषध वेळेवर दिलं नाहीस का?’ हा प्रश्न सासरचे विचारतात, आणि आई तो स्वतःला वर्षानुवर्षं विचारत राहते. रात्री उठून कपाळाला हात लावणं, तापाच्या भीतीने लस पुढे ढकलणं, हे त्यातूनच येतं. हा दोष तिच्यावर येताच कामा नये. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण ते नेमाने दिल्याने पुढच्या तापातली आकडी टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येतेच.

साध्या आकडीनंतर सरसकट ईईजी किंवा मेंदूचा स्कॅन लागत नाही. पूर्वी अशा मुलांना रोज फेनोबार्बिटल देत. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात त्याने आकड्या लक्षणीय कमी झाल्या नाहीत, उलट मुलांचा बुद्ध्यांक घटलेला आढळला. मूल शुद्धीवर येत नसेल, मान ताठ असेल, तर गोष्ट निराळी. तिथे मेंदूज्वर तर नाही ना, हे बघण्यासाठी पाठीतलं पाणी तपासू द्यायला घरच्यांनी घाबरू नये.

डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, समजावणं नसतं, हे मला फार खटकतं. घरी जाण्याआधी आईवडिलांनाच नव्हे, आजीला आणि पाळणाघरातल्या ताईंनाही सांगायला हवं: मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारा आणि १०८ ला फोन करा.