ठिबक थांबली, पण पाणी कुठे गेले?

नाकाडोंगरीला आमचे जुने घर आहे. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशच्या सीमेजवळचे हे गाव. मातीच्या जाड भिंती, त्यांवर सागाच्या बल्ल्यांचे वासे आणि वर हाताने घडवलेले अर्धगोल कवेलू, अशी घराची रचना. जंगल जवळ, त्यामुळे वांदरांचा राबता. एका उन्हाळ्यात त्यांच्या उड्यांनी चार-पाच कवेलू फुटले आणि पावसाळ्यात माजघरात ठिबक सुरू झाली. आईने खाली गंज ठेवला. "दिवाळीत आलास की बघून घे," असे तिने सांगितले. दिवाळीत लख्ख ऊन होते, ठिबक नव्हती. आम्ही बघितले नाही.

पुढच्या पावसाळ्यात गंज कोरडाच राहिला. आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या वर्षी आषाढात एका वाशाचे भिंतीतले टोक मोडले आणि दोन हात छप्पर कवेलूंसकट खाली आले. आई तेव्हा चुलीपाशी होती, म्हणून वाचली. छप्पर दुरुस्त करायला आलेल्या वाढईने ओल्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, पानी बंद नव्हतं झालं. भित्तीत चाललं होतं."

पदार्थविज्ञान आम्ही शिकलेले, आणि हे समजावून सांगावे लागले वाढईला! असो. नेमके काय घडले होते ते पाहू.

पाणी नेहमी सरळ खाली पडते, असे आपण गृहीत धरतो. वर्गात एक प्रयोग करून पाहा. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या काठाशी ओला सुती दोरा धरा आणि त्याचे दुसरे टोक खाली, हातभर दूर ठेवलेल्या वाटीत सोडा. दोरा ताणून धरून पेला हळूच कलता केला, तर पाणी मध्येच न गळता दोऱ्याला धरून तिरपे वाटीपर्यंत जाते. पाण्याचे रेणू दोऱ्याला चिकटतात आणि पृष्ठताणामुळे धार एकत्र राहते. ओला वासा म्हणजे असाच एक जाड दोरा. आमच्या घरात पहिल्या वर्षी वाशावर एक गाठ होती, तिथे पाणी अडून थेंब पडत होता. पुढे कचरा आणि माती साचून तो अडथळा बुजला. मग पाणी वाशाच्या पोटाशी चिकटून उताराने थेट भिंतीत उतरू लागले. म्हणूनच थेंब पडतो तिथेच वर भोक असेल असे नाही. ते बरेचदा चढाच्या बाजूला, कधी कधी बरेच दूर सापडते.

हे पाणी किती असेल? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. भंडाऱ्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५० चौरस मीटर छपरावर ६५,००० लिटर. त्यातला शंभरावा हिस्सा जरी आत झिरपला असे धरले, तरी ६५० लिटर. गणिताच्या तासाला मुलांना आपापल्या घराचे छप्पर मोजायला सांगावे.

आता कोणी म्हणेल, साग तर कुजत नाही. सागाचा गाभा सहसा कुजत नाही हे खरे. पण त्याभोवतीचे पांढरट लाकूड कुजते, आणि कोवळ्या झाडाच्या बल्लीत तेच जास्त असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा आणि ओल दोन्ही लागतात. लाकडातील ओल कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही. सुमारे ३० टक्क्यांवर पेशींच्या भित्ती ओलीने भरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. खोलीत उघड्या असलेल्या भागाला वारा लागतो, तो वाळतो. भिंतीत रुतलेले टोक मात्र वाळत नाही, आणि साऱ्या छपराचा भार नेमका त्याच टोकावर. काही बुरशींच्या बाबतीत तर लाकडाचे वजन दहा टक्के घटण्याआधीच त्याची मजबुती निम्म्याहून कमी होते. डोळ्यांना वासा धडधाकट दिसतो. वाढई त्यात सुया-खिळे का टोचून पाहतो, ते यावरून कळेल.

मातीच्या भिंतीचे गणित वेगळे. मातीच्या कणांमधील पाण्याचे पातळ पापुद्रे त्यांना एकमेकांकडे ओढून धरतात. किंचित ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ओढीमुळे. फटी पाण्याने पूर्ण भरल्या की ही ओढ नाहीशी होते, आणि त्याच वेळी भिंतीचे वजनही वाढलेले असते.

सिमेंटच्या स्लॅबला या साऱ्याची भीती नाही, असा समज गावोगावी आहे. स्लॅबमधील लोखंडी सळया काँक्रीटच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे गंजापासून सुरक्षित असतात. तेथील सामू १२ च्या वर असतो. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो ९ च्या खाली आणतो. त्यात गळतीचे पाणी मिळाले की गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. ही वाढ आतून रेटते आणि काँक्रीटला तडा जातो. तड्यातून आणखी पाणी, मग आणखी गंज. म्हणून पहिल्या वर्षी शंभर रुपयांत होणारे काम पाचव्या वर्षी पाचशेत भागत नाही. छताला पांढरे ओघळ दिसले तर त्यावर लिंबाचा रस टाकून पाहा. बहुधा बुडबुडे येतील. तो सिमेंटमधून विरघळून आलेला चुना, हवेतील वायूशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट झालेला.

गळक्या स्लॅबवर काँक्रीटचा आणखी एक थर टाकण्याचा उपाय आम्हाला घातक वाटतो. पाच सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो वजन वाढवतो, तेही आतून कमजोर झालेल्या सळयांवर. खालून गिलावा करून रंग देणे तर निव्वळ झाकपाक.

शाळेची इमारत याला अपवाद नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात निंबोडी येथे २८ ऑगस्ट २०१७ रोजी पावसात जिल्हा परिषद शाळेचे छप्पर कोसळून ३ विद्यार्थी दगावले. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी अशाच दुर्घटनेत ७ मुलांचा जीव गेला.

पावसाळ्यात मुलांना एक काम देता येईल. वर्गाच्या भिंतीवर ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि तारीख लिहायची. दर आठवड्याला नवी रेघ. रेघा बाहेर सरकत असतील तर पाणी अजून येते आहे, मग छतातून थेंब पडो वा न पडो. तडा, ओघळ किंवा गिलाव्याचे पोपडे दिसले तर मुलांना त्या खोलीतून आधी हलवावे, अर्ज नंतर लिहावा. ओल्या भिंतीतील विजेच्या बटणाला कोणी हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या घराचा तो मोडका वासा अजून अंगणात पडून आहे. खोलीत होता तो भाग ठोकला तर खणखणीत आवाज येतो. भिंतीतले टोक बोटाने चुरता येते.